प्रतिकृतीच्या पाटीवर दुसरेही नाव हवे

१/ गेले चार महिने माझ्या वसतिगृहातील टेबलावर एक पाणबुडी आकार घेत होती. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन टाइप सात-सी, प्लॅस्टिकची, १:७२ प्रमाणातील, ९३ सेंटिमीटर लांब. गेल्या आठवड्यात तिच्यावर शेवटचा हात फिरला. छायाचित्रे टाकावीत आणि चार ओळी लिहाव्यात एवढाच विचार होता; पण लिहिता लिहिता विषय वेगळ्याच दिशेला गेला. हा थ्रेड त्या पाणबुडीविषयी आहे, प्रतिकृती बांधण्याच्या छंदाविषयी आहे आणि या छंदात आपण इतिहासप्रेमी जी एक गोष्ट हटकून विसरतो, तिच्याविषयी आहे. थोडा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/ आधी यंत्राची ओळख. टाइप सात-सी ही जर्मन नौदलाची सर्वाधिक संख्येने बांधली गेलेली पाणबुडी. पाचशेहून अधिक बांधल्या गेल्या. लांबी ६७.१ मीटर. पृष्ठभागावर डिझेल इंजिनांच्या बळावर ताशी १७.७ सागरी मैल वेग, पाण्याखाली विजेच्या मोटारींवर जेमतेम ७.६. पाण्याखाली ताशी ४ मैलांच्या गतीने सुमारे ८० मैल गेले की बॅटऱ्या संपत आणि वर यावेच लागे. म्हणजे ही खऱ्या अर्थाने पाण्याखाली राहणारी नौका नव्हतीच. ती गरजेपुरती बुडी मारू शकणारी बोट होती. व्यापारी जहाजांच्या ताफ्यांवरील तिचे अनेक यशस्वी हल्ले रात्री, पृष्ठभागावरूनच झाले.

३/ आता हे आकडे प्रतिकृतीच्या मापात आणून पाहू. दाब सहन करणारे आतले कवच म्हणजे एक पोलादी नळी. तिचा जास्तीत जास्त व्यास ४.७ मीटर. १:७२ मध्ये तो साडेसहा सेंटिमीटर होतो, म्हणजे मुठीत मावेल एवढा. या प्रमाणात माणूस अडीच सेंटिमीटरांचाही नसतो. त्या नळीत दोन इंजिने, दोन मोटारी, बॅटऱ्या, बहुतेक सारे पाणतीर आणि चव्वेचाळीस ते पन्नास माणसे. एक पहाऱ्यावर गेला की त्याच्या उबदार बिछान्यावर दुसरा आडवा होई. शौचालये दोन, पण मोहिमेच्या आरंभी त्यांतले एक शिधा भरून ठेवण्यासाठी वापरले जाई. हे सारे मी पुस्तकांत वाचले होते. प्रतिकृतीचा उजवा आणि डावा भाग हातात धरून मधली पोकळी पाहिली तेव्हा ते पहिल्यांदा कळले.

४/ हाताने शिकवलेली दुसरी गोष्ट म्हणजे बाहेरच्या कवचावरील खाचांच्या रांगा. छायाचित्रांत त्या नक्षीसारख्या दिसतात. माझ्या संचात त्यांतल्या अनेक खाचा नुसत्या खोलगट ठशासारख्या होत्या. बारीक ड्रिलने त्या एकेक कोरून, पॉलिश पेपरने घासून मोकळ्या करण्यात दोन आठवडे गेले. एवढा खटाटोप कशासाठी? कारण बाहेरचे कवच जलरोधक नसतेच. बुडी मारताना या खाचांतून पाणी आत शिरते, वर येताना निथळून जाते. विमान दिसल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आसपास पाण्याखाली जायचे असेल, तर पाण्याला वाट करून द्यावीच लागते. डोळ्यांना जी ‘पाणबुडी’ दिसते ते केवळ वरचे टरफल आहे. माणसे जगतात ती नळी आत, न दिसणारी. हे वाक्य टीपवहीत उतरवायला मला दोन आठवड्यांची बोटदुखी लागली.

५/ याच खाचांनी तिसरा धडा दिला. त्यांची रचना सगळीकडे एकसारखी नाही. कील, हॅम्बुर्ग अशा निरनिराळ्या गोद्यांत बांधलेल्या बोटींवर ती वेगवेगळी आहे, आणि एकाच बोटीवर दुरुस्तीनंतर बदललेलीही असू शकते. म्हणजे ‘एक सर्वसाधारण यू-बोट’ नावाची वस्तू समुद्रावर कधी नव्हतीच. बांधणाऱ्याला आधी ठरवावे लागते : कोणती बोट? कोणत्या वर्षीची? कोणत्या महिन्यातली? इतिहासाच्या पहिल्या वर्गात हेच शिकवतात. ‘मध्ययुगात लोक असे राहत’ हे वाक्य लिहिण्याआधी कोणते लोक, कोठले, कोणत्या शतकातले, हे विचारा.

६/ काळ ओळखण्याची गुरुकिल्ली आहे मनोरा. १९४१ मधील बोटीचा मनोरा आटोपशीर असतो. त्याच्या मागे एखादीच २० मिलिमीटरची विमानविरोधी तोफ, आणि पुढे डेकवर ८८ मिलिमीटरची मोठी तोफ. १९४३ नंतरच्या बोटीवर पुढची तोफ सहसा नाहीशी झालेली दिसते आणि मनोऱ्यामागचे चबुतरे विमानविरोधी तोफांनी भरून गेलेले. १९४४ मध्ये श्वासनळीसारखा स्नॉर्केल येतो. हे बदल हौसेचे नव्हेत. दोस्तांची विमाने आणि रडार अटलांटिकवर पोहोचल्याची ती खूण आहे. १९४३ च्या एकट्या मे महिन्यात ४१ यू-बोटी नष्ट झाल्या आणि नौदलप्रमुख ड्यॉनित्झला उत्तर अटलांटिकमधून आपल्या बोटी मागे घ्याव्या लागल्या. शिलालेखाचा काळ जसा अक्षरांच्या वळणावरून ठरवतात, तसा यू-बोटीचा काळ मनोऱ्यावरून वाचता येतो.

७/ म्हणून माझे पहिले मत स्पष्टपणे मांडतो. प्रतिकृती बांधणे हा पोरखेळ नाही. वस्तू हे इतिहासाचे साधन आहे असे आपण निबंधांत लिहितो. पण वस्तू कशी जुळते, कोठे अडते, कोणत्या गरजेतून तिला एखादी खाच पडते, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी अनुभवलेले असते. निपर, पुट्टी आणि प्रायमर घेऊन चार महिने बसलेला विद्यार्थी त्या वस्तूला जे प्रश्न विचारतो, ते निव्वळ वाचनाने सुचत नाहीत. एवढे म्हटल्यावर आता या छंदाची दुसरी बाजू.

८/ मी निवडली यू-९६, शरद १९४१. ही निवड मुळीच मौलिक नव्हती. कीलच्या गेर्मानिया गोदीत बांधलेली ही बोट. कप्तान हाइनरिश लेहमान-विलेनब्रोक. मनोऱ्यावर हसऱ्या करवतमाशाचे चित्र. त्या वर्षीच्या एका मोहिमेत लोथार-ग्युंटर बुखहाइम हा चित्रकार आणि युद्धवार्ताहर तिच्यावर होता. त्या अनुभवावर त्याने १९७३ मध्ये ‘दास बोट’ ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि १९८१ मध्ये वोल्फगांग पेटरसन यांनी तिच्यावर चित्रपट काढला. तो पाहून पाणबुडीच्या प्रेमात पडलेल्यांची गणती नाही. मीही त्यांतलाच. तो घाम, ती कुबट हवा, स्फोटांची वाट पाहत वर लागलेले डोळे. दोन-अडीच तासांत आपण त्या बोटीचे होऊन जातो.

९/ रंगकाम करताना बुखहाइमची छायाचित्रे समोर ठेवली. खाचांतून ओघळलेला गंज, मिठाचे पांढरे डाग, उडालेला राखाडी रंग हे सगळे त्यांच्या आधाराने उतरवले. एका रात्री लक्षात आले की हा माणूस जर्मन सैन्याच्या प्रचारविभागासाठी काम करत होता. त्याने पुढे युद्धाविषयी काय लिहिले हा वेगळा भाग. पण ही छायाचित्रे घेतली गेली तेव्हा त्यांचे काम ठरलेले होते : घरच्या वाचकाला नाविकांचे शौर्य दाखवणे. आणि ऐंशीहून अधिक वर्षांनी मी त्याच छायाचित्रांतील गंज, त्याच कोनातून, श्रद्धेने रंगवत होतो. साधनाची चिकित्सा करावी हे आपण बखरींच्या बाबतीत घोकतो. गंजाच्या बाबतीत ते मला सुचले नव्हते.

१०/ माझा खोलीतला मित्र अभियांत्रिकीचा. इतिहासाशी त्याचे देणेघेणे नाही. मासा रंगवून झाला त्या संध्याकाळी तो बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘भारी झालीये रे. हिने कुणाला बुडवलं?’’ मी टनांचा आकडा सांगू लागलो. त्याने मध्येच थांबवले. ‘‘टन नको. कुणाला, ते विचारतोय.’’ मला एकाही जहाजाचे नाव आठवेना. यू-९६ च्या खाचा मला तोंडपाठ होत्या.

११/ मग शोधले. १७ जानेवारी १९४१ : ब्रिटिश प्रवासी जहाज ‘अल्मेडा स्टार’, सुमारे १५,००० टनांचे, लिव्हरपूलहून दक्षिण अमेरिकेकडे निघालेले, सोबत संरक्षक नौका नाही. सकाळी रॉकॉल खडकाच्या उत्तरेस यू-९६ चा पहिला पाणतीर लागला. जहाज लगेच बुडाले नाही. पुन्हा पाणतीर सोडले गेले, तोफेचा मारा झाला, आणि दुपारी ते तळाला गेले. त्याने पाठवलेला संकटाचा संदेश पकडला गेला होता. शोधासाठी नौका गेल्या. त्यांना काही सापडले नाही. जहाजावर ३६० माणसे होती. त्यांपैकी एकही वाचले नाही. याच बोटीने आदल्या दिवशी बुडवलेल्या ‘ओरोपेसा’वर शंभराहून अधिक माणसे गेली होती, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बुडवलेल्या ‘अ‍ॅन्सेल्म’ या सैनिकवाहू जहाजावर अडीचशेच्या वर.

१२/ आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. ‘अल्मेडा स्टार’वर त्या सकाळी काय घडले, होड्या उतरवल्या गेल्या का, कोणी कोणाला धीर दिला, याचे उत्तर देणारा साक्षीदारच उरला नाही. हल्ल्याचा तासातासाचा क्रम आपल्याला कळतो तो हल्ला करणाऱ्याच्या बाजूने. यू-बोटींचे कप्तान रोजनामा लिहीत. जर्मन नौदलाचे दप्तर १९४५ मध्ये बव्हेरियातील तांबाख येथे दोस्तांच्या हाती जवळजवळ अखंड पडले, आणि आज अभ्यासक ते वाचू शकतात. यू-९६ स्वतः मार्च १९४५ मध्ये विल्हेल्म्सहाफेन बंदरात बाँबहल्ल्यात बुडाली. पण तिच्या मागे नाविक उरले, छायाचित्रे उरली, कादंबरी आली, चित्रपट आला आणि अखेर प्लॅस्टिकचे संच आले. बुडालेल्या जहाजाच्या मागे एक संदेश आणि नावांची यादी. साधनांचा तराजू आधीच एका बाजूला कललेला आहे. प्रतिकृती बांधताना त्याच पारड्यात आणखी एक वजन आपण नकळत टाकतो.

१३/ प्रमाणाचा हिशेब येथेही करता येतो. ‘अल्मेडा स्टार’ दीडशे मीटरहून लांब होते. १:७२ मध्ये त्याची प्रतिकृती दोन मीटरांच्या पुढे जाईल. माझी खाट त्याहून आखूड आहे. मी फरशीवर टेप लावून खडूने दोन खुणा केल्या आणि त्यांच्या शेजारी पाणबुडी ठेवली. मित्र म्हणाला, ‘‘एवढं मोठं?’’ ते कोणत्याही टेबलावर मावणार नाही. पाणबुडी मात्र बेताची, सुबक, कपाटावर शोभणारी. जे मावते त्याचीच आठवण राहते, असे तर होत नसेल ना?

१४/ आक्षेप मला ठाऊक आहेत. ‘छंद आहे, त्यात नीतीचे धडे कशाला?’ आणि दुसरा, अधिक वजनदार : ‘पाणबुडीतील पोरेही मेलीच ना?’ मेली. यू-बोटींवर गेलेल्या सुमारे ४०,००० नाविकांपैकी सुमारे ३०,००० परतले नाहीत. त्यांतले बहुसंख्य आपल्याच वयाचे होते. त्यांच्याविषयी कणव वाटणे गैर नाही आणि ‘दास बोट’चे ते यशच आहे. माझे म्हणणे एवढेच की कणव अर्ध्या वाटेत थांबू नये. त्या नळीतल्या पन्नास जणांचा गुदमर ज्याला कळला, त्याला थंडगार पाण्यातल्या ३६० जणांचाही कळायला हवा.

१५/ आणखी एक लहानशी गोष्ट. जर्मन कायद्यानुसार हाकेनक्रॉइत्झ, म्हणजे नाझी चिन्ह, सार्वजनिकरीत्या मिरवण्यावर बंदी आहे; त्यामुळे तिकडच्या संचांतील ध्वजांवरून ते सहसा वगळलेले असते. कायद्याचा हेतू रास्तच आहे. परिणाम मात्र विचित्र होतो. दुकानातून घरी येते ती कोणत्याही राजवटीची नसलेली, निर्मळ, राखाडी पाणबुडी. ती कोणासाठी लढत होती हे खोक्यात कुठे दिसत नाही. ते चिन्ह रंगवावे असे मी म्हणत नाही. मीही रंगवले नाही. पण संच जे गाळतो ते आपल्या डोक्यातूनही गळू देऊ नये.

१६/ हे केवळ जर्मन बोटींचे नाही. आपल्याकडील प्रत्येक इतिहासप्रेमीला एक प्रसंग पाठ असतो : एप्रिल १९४३, मादागास्करजवळचा खवळलेला समुद्र, जर्मन यू-१८० मधून रबरी होडीने जपानी आय-२९ वर गेलेले नेताजी सुभाषचंद्र बोस आणि त्यांच्यासोबत आबिद हसन. त्याच आय-२९ ने अवघ्या पाच महिन्यांपूर्वी, २३ नोव्हेंबर १९४२ रोजी, मुंबईहून पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे निघालेले ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज बुडवले होते. त्यावरील प्रवासी बहुतांशी भारतीय होते. २८० माणसे गेली. वाचलेल्यांना ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेने चार दिवसांनी मुंबईला आणले. पहिली गोष्ट किती जणांना ठाऊक आहे आणि दुसरी किती जणांना? नेताजींच्या धाडसाला याने बाध येत नाही. बोट तीच होती, एवढे मात्र ठाऊक असावे.

१७/ आणि अटलांटिकच्या लढाईत आपली माणसे नव्हती असेही कोणी समजू नये. युद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील मनुष्यबळाचा सुमारे चौथा हिस्सा भारतीय खलाशांचा होता. रत्नागिरीकडचे सारंग, तांडेल आणि डेकवरचे खलाशी. मुंबईच्या कुडांत मुक्काम करून बोटीची वाट पाहणारे गोव्याचे खानसामे आणि वाढपी. पंजाब आणि सिल्हेटचे इंजिनघरातले आगवाले. पाणतीर लागला की आधी मरण इंजिनघरात. पगार गोऱ्या खलाशाच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी. त्याविरुद्ध १९३९ मध्ये ब्रिटिश बंदरांत त्यांनी संप केले तेव्हा काहींना तुरुंगात जावे लागले. मुंबईत मशीद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये या युद्धात समुद्रावर गेलेल्यांच्या नावांचे एक स्मृतिपुस्तक आहे. नावे सहा हजारांच्या आसपास. ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही, त्यांची ती नोंद.

१८/ तेव्हा दुसरे मत, आणि या थ्रेडचे कारण. पाणबुडी अवश्य बांधा. पण एक नेमकी बोट, एक नेमका दिवस निवडा. खाचा मोजता तशी तिने बुडवलेली जहाजेही मोजा. टनांत नव्हे, माणसांत. आणि खालच्या लाकडी पाटीवर बोटीच्या क्रमांकाशेजारी तिने बुडवलेल्या किमान एका जहाजाचे नाव कोरा. अमेरिकन पाणबुडी बांधणाऱ्यानेही हेच करावे. प्रशांत महासागरात अमेरिकन पाणतीरांनी बुडवलेल्या काही जपानी जहाजांच्या तळघरांत दोस्तांचेच युद्धकैदी कोंडलेले होते. बाजू कोणती याने नियम बदलत नाही. यात प्रायश्चित्ताचा भाव नाही. ज्या वस्तूचा निम्मा अर्थ पाण्याखाली गेला आहे, तिची नोंद पुरी करणे एवढेच.

१९/ माझ्या पाटीवर आधी एकच ओळ होती : ‘यू-९६, शरद १९४१’. आता तिच्याखाली दुसरी आहे : ‘अल्मेडा स्टार, १७ जानेवारी १९४१, माणसे ३६०’. मित्राने ती वाचली, मान डोलावली आणि अभ्यासाला बसला. फरशीवरच्या खडूच्या दोन खुणा अजून तशाच आहेत. झाडू मारताना आम्ही दोघेही त्या जरा टाळतो.

२०/ तुमच्यापैकी कोणी पाणबुडी, युद्धनौका किंवा बाँबफेकी विमान बांधत असेल, तर खाली छायाचित्र जरूर टाका. सोबत दुसऱ्या ओळीत कोणाचे नाव लिहिणार आहात, तेही लिहा. आणि मुंबईत राहणाऱ्यांनी मशीद बंदरावरून जाताना त्या पुस्तकाची आठवण ठेवावी. त्यातील पुष्कळशी आडनावे तुमच्या ओळखीची निघतील.